डोळे मिटू नका!

आमच्या भालकीकडचा माणूस गाणगापूरला जाऊन आला, की पूर्वी घरोघर प्रसाद पोचवायचा. कागदाच्या पुडीत चिमूटभर भस्म, चार साखरफुटाणे आणि "तुमच्या नावानंही डोकं टेकवलं बरं का" एवढा निरोप. आता फोटो पोचतो, आणि तोही माणूस अजून संगमावर ओल्या कपड्यांत उभा असताना. भीमा आणि अमरजा जिथं एकमेकींना भेटतात, नेमकं तिथं आमच्या तात्यांचं धोतर मधे येतं. नदी डाव्या कोपऱ्यात थोडीशी दिसते. खाली तात्यांनी लिहिलेलं असतं, 'श्री गुरुदेव दत्त. इथं नेटवर्क बरं आहे.' देवळात निर्गुण पादुकांसमोर मोबाईल काढू देत नाहीत, म्हणून तात्यांनी दर्शनाच्या रांगेचा फोटो काढला. त्यात मुख्यतः एका सोलापूरकराची पाठ आहे.

तात्या परतल्यावर मी विचारलं, "दर्शन कसं झालं?"

"टाकलंय की ग्रुपवर. बघितलं नाहीस?"

"बघितलं. पण तुम्हाला कसं वाटलं?"

"मला? मी अजून बघितलं नाही. रात्री निवांत बघतो."

हा ग्रुप म्हणजे आमचं अख्खं घराणं. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडं मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण इकडं म्हैसूर राज्यात आले. आमच्या निम्म्या आत्या-मावश्या जागच्या न हलता परराज्यात गेल्या. राज्य पुनर्रचना आयोगाला जे जमलं नाही ते व्हॉट्सॲपनं केलं आणि सगळ्यांना पुन्हा एका ठिकाणी आणलं. पहाटे पाचला उदगीरहून उगवता सूर्य येतो, सव्वापाचला हुमनाबादहून तोच सूर्य परत येतो.

आमच्या लहानपणी फोटो ही सणावारालासुद्धा न परवडणारी गोष्ट होती. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं आजीचं ठाम मत होतं, आणि स्टुडिओवाल्याचे दर ऐकल्यावर आजोबाही त्या मताचे झाले होते. बाजारातल्या स्टुडिओत मागं रंगवलेला पडदा होता. त्यावर तळं, तळ्यात हंस, पलीकडे ताजमहाल आणि उरलेल्या जागेत बर्फाचे डोंगर. खुंटीला एक काळा कोट कायमचा टांगलेला असे. तालुक्यातल्या तमाम नवरदेवांनी तो कोट अंगात घातला आहे. पाठीमागून तो पार उसवलेला होता, पण फोटो पुढूनच काढायचा असल्यानं कुणाचं लग्न त्यामुळं अडलं नाही. आरशाशेजारी पावडरचा डबा आणि सुतळीनं बांधून ठेवलेला कंगवा. स्टुडिओवाला काळ्या कापडाखाली डोकं घालून ओरडायचा, "श्वास धरा! हलू नका! डोळे मिटू नका!" सगळं कुटुंब श्वास कोंडून, डोळे फाडून त्या भिंगाकडं बघत राहायचं. आमच्या सगळ्या जुन्या फोटोंत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दारात वसुलीचा माणूस आल्याचा भाव आहे, तो यामुळं.

आजी गेली तेव्हा लक्षात आलं, की तिचा एकटीचा फोटोच नाही. मग आत्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला बाहेर काढायचं ठरलं. गुलबर्ग्याच्या एका कारागिरानं फोटो मोठा करून, टचिंग करून दिला. मूळ फोटोत आजीच्या खांद्यावर विहीणबाईंचा हात होता. विहीणबाई कापल्या गेल्या, हात राहिला. कारागिरानं त्यावर पदर रंगवला, काठही झकास काढला. पण दोन बोटं काठाखालून डोकावतातच. त्यातल्या एकात अंगठी आहे. त्या लग्नात मानपानावरून दोन्ही घरांचं जे वाजलं होतं ते वाजलंच होतं. त्यामुळं पितृपक्षात हार घालताना काकू दरवर्षी म्हणतात, "बघा, अजून सोडलं नाही बाईनं."

तसा आमच्या भागाला फोटोचा वारसा मोठा. आम्ही निजामाच्या राज्यातले, आणि निजामाच्या दरबारी राजा दीनदयाळ हे देशातले नामांकित छायाचित्रकार होते. त्यांनी 1892 मध्ये हैदराबादेत पडदानशीन बायकांसाठी खास जनाना स्टुडिओ काढला. तो एका इंग्रज बाईच्या हाती दिला होता आणि आत पुरुषाला मज्जाव. बाईचा फोटो परक्याच्या नजरेस पडू नये म्हणून एवढा खटाटोप. आता आमच्या हुमनाबादच्या मावशींचं बघा. नवी साडी नेसल्या की फोटो स्टेटसला. स्टेटस 24 तास राहतं. त्या 24 तासांत मावशी अन्नपाणी घेतात, पण मन लागत नाही. कुणी कुणी बघितलं याची यादी वरून खाली, खालून वर वाचत बसतात. "सगळ्यांनी बघितलं, धाकट्या जावेनं तेवढं नाही. मुद्दाम!" फोटो परक्यानं बघितला तर पूर्वी घरात रामायण व्हायचं, आता घरच्यानं बघितला नाही तर होतं.

मधला काळ रोलचा. मामांकडं बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलवर बारा फोटो. पुढं छत्तीसचा रोल आला आणि मामांना आपण संस्थानिक असल्याचं वाटू लागलं. तरी कंजुषी गेली नाही. छत्तीसच्या रोलवर सदतिसावा फोटो उमटला की मामा चार दिवस खुशीत असत. रोल दसऱ्याला घातला तर धुवायला पुढच्या पंचमीला जायचा. फोटो हातात येईपर्यंत त्यातल्या बहुतेकांशी बोलणं बंद झालेलं असे. निम्म्या फोटोंत मामांचा अंगठा, उरलेल्यांत डोळे मिटलेले काका. पण पैसे मोजलेले, टाकायचं कसं? सगळे अल्बममध्ये. काका मोठे उत्साही, सतत जागे असणारे गृहस्थ होते. अल्बम बघून नवी सून मात्र समजते, की हे लग्नभर झोपले होते.

मग डिजिटल आलं. खरं तर ते 1975 मध्येच आलं होतं. अमेरिकेत कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरनं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि एक काळापांढरा फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद. कंपनीचं मन रोल विकण्यात गुंतलं होतं. जानेवारी 2012 मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. सॅसनचे 23 सेकंद आता क्षणार्धावर आले आहेत, फक्त आमचे तात्या अजून 1975 मध्ये आहेत.

"तात्या, काढा की लवकर. गाल दुखलालेत."

"थांब, थांब. लाल टिंब आलंय."

"तो व्हिडिओ आहे!"

मग पंधरा माणसं दात काढून निश्चल उभी आहेत आणि मागून एक म्हैस शांतपणे चालत जाते आहे असा व्हिडिओ ग्रुपवर येतो. म्हैस तेवढी नैसर्गिक दिसते.

स्वतःबद्दल काय सांगू? मला फोनमध्ये माझा चेहरा खालून दिसला की मी दचकतो. एवढी हनुवटी आपली असेल यावर विश्वास बसत नाही. म्हणून हात आभाळाकडं करून, पोट आत ओढून, मान जिराफाच्या बेतानं लांब करून मी फोटो काढतो. त्यात मी बारीक दिसतो आणि माझ्यामागची सगळी मंडळी बुटकी दिसतात. घरच्यांनी माझ्या मागं उभं राहायचं सोडून दिलं आहे.

या सगळ्यावर कळस झाला तो पुतण्याच्या लग्नात. मुलगी उदगीरची. लग्नाआधी मुलामुलीनं एकत्र फिरणं काकूंना मान्य नाही. पण फोटो काढायला फिरणं हे फिरण्यात धरत नाहीत, असं पुतण्यानं पटवलं. त्याला प्री-वेडिंग म्हणतात. देखरेखीला काकू, तात्या आणि सामान उचलायला मी. ठिकाण ठरलं बिदरजवळचं अष्टूर.

अष्टूरला बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. म्हणजे नव्या संसाराची सुरुवात ओळीनं घुमट असलेल्या स्मशानात. काकूंना हे मोटारीतून उतरल्यावर कळलं. "लग्नाचे फोटो कबरस्तानात?" फोटोग्राफर बिदरचा चुणचुणीत पोरगा, त्याला एकाच वाक्यात तीन भाषा येत. "लोकेशन बढिया आहे अम्मा. सगळे इथंच येतात. स्वल्प नग्री अक्का, हसा जरा... नौशा, दुल्हनकडं बघा, कॅमेऱ्याकडं नको!"

माझ्या हाती चांदीच्या रंगाचा गोल रिफ्लेक्टर दिला होता. ऊन नवरीच्या गालावर पाडायचं काम माझं. थोड्या वेळानं पोरगा म्हणाला, "सर, रिफ्लेक्टर खाली ठेवा आणि टोपी घाला. दोन दोन ठिकाणाहून उजेड यायलालाय."

त्यानं जोडप्याला उभं केलं ते एका अर्ध्या फुटलेल्या घुमटासमोर. घुमटाची एक बाजू ढासळलेली, दुसरी आभाळात तशीच उभी. वीज पडून फुटला असं सांगतात. काकूंनी रखवालदाराला विचारलं, "हे कुणाचं म्हणायचं?"

"हुमायून जालीम."

"काय नाव म्हणालात?"

"जालीम, अम्मा. 1458 ते 1461, तीनच वर्षं राज्य केलं. पण लोकांनी नाव ठेवलं ते ठेवलंच."

काकूंनी नवरीकडं बघितलं, मग तात्यांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "काढा, काढा इथंच. पोरीला सवय झालेली बरी."

फोटो स्क्रीनवर बघितला तर जोडपं लख्ख आणि मागं नुसता करडा धूर. मी म्हटलं, "अरे बाबा, मागं साडेपाचशे वर्षांची इमारत होती, ती कुठं गेली?"

"पोर्ट्रेट मोड, सर. मागचं सगळं जातं."

"मग गच्चीवरच काढायचा होता."

"फील येत नाही, सर."

गुलाम यझदानींचा बिदरवरचा मोठा ग्रंथ 1947 चा. त्यात या इमारतींचे फोटो आहेत. मी चाळलेल्या पानांत तरी एकाही घुमटापुढं यझदानी स्वतः गॉगल लावून उभे नाहीत. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचा प्रमुख, सगळीकडं फुकट प्रवेश, आणि एकही फोटो स्वतःचा नाही, याचं पुतण्याला फार वाईट वाटलं.

मग अहमदशाह वलीच्या कबरीत गेलो. गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला हलवली तो हा सुलतान. आत अंधार. रखवालदारानं दारात आरसा धरला आणि उन्हाचा एक तुकडा वर घुमटात चढवला. तुकडा जाईल तिथं शेंदरी, निळी, सोनेरी वेलबुट्टी उजळायची, मोठमोठी अक्षरं उमटायची. तुकडा सरकला की पुन्हा अंधार. आम्ही सगळ्यांनी एकदम फोन वर केले. खटाखट आवाज. सगळ्यांच्या फोटोंत काळोख, आणि काळोखात शेजाऱ्याचा उजळलेला फोन. आमच्यातला एकजण, त्याचं नाव घेत नाही पण त्यानं टोपी घातली होती, रखवालदाराला म्हणाला, "आरसा जरा धरून ठेवा हो, फोकस होईना."

रखवालदार म्हणाला, "साहेब, आँखों से देखो ना. उसमें फोकस होता है."

बरं, हौसेचे फोटो एक वेळ सोडा. आता सरकारही फोटो मागतं. आमच्याकडच्या उद्योग खात्रीच्या, म्हणजे तिकडच्या रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो ॲपवर चढवायची सक्ती झाली. हजेरीचा पुरावा. पुढं जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानंच राज्यांना कळवलं, की कामाशी संबंध नसलेले फोटो येत आहेत, फोटोचाच फोटो काढून पाठवला जातो आहे. थोडक्यात, आमच्या घराण्याच्या ग्रुपवर जे चालतं तेच देशपातळीवर चालू आहे.

तात्यांची तूर इकडं औराद तालुक्यात, सोयाबीन पलीकडं देवणी तालुक्यात. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली: शेतकऱ्यानं शेतात उभं राहून पिकाचा फोटो स्वतः पाठवायचा. कर्नाटकाचं पीक सर्वेक्षणाचं ॲप वेगळं. राज्यं दोन, ॲप दोन, तात्या एकच. 2019 मध्ये गुलबर्ग्याच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तात्या तुरीशी अदबीनं वागतात. पण फोटो काढायची वेळ आली, की कॅमेरा आपोआप त्यांच्याकडं वळतो. काकूंनी तो फोटो बघून विचारलं, "सरकारनं तूर मागितली होती का मिशी?"

आणि नोव्हेंबर आला, की हयातीचा दाखला. तात्या पोस्टातून निवृत्त. पूर्वी बँकेत जाऊन "मी आहे" असं सांगायचं आणि सही करायची. नोव्हेंबर 2021 पासून घरबसल्या मोबाईलला चेहरा दाखवूनही चालतं. पुतण्यानं फोन समोर धरला. तात्यांनी मुंडासं नीट केलं, श्वास धरला, डोळे फाडले. फोनवर सूचना आली.

"तात्या, डोळे मिचकावा म्हणतंय."

"फोटोत डोळे मिटत नसतात."

"मिचकावल्याशिवाय जिवंत धरत नाहीत."

"तरुणपणी कुणाला डोळा मारला नाही, आता सरकारला मारू?"

"मिचकावा की हो!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. "पेन्शन जाईल!"

तात्यांनी डोळे मिटले ते मिटलेच, हातही जोडले. पुन्हा पहिल्यापासून. मग एकच डोळा मिटला. मग दोन्ही मिटले, पण त्याच वेळी मान खाली घातली. सबंध आयुष्य डोळे न मिटता फोटो काढून घ्यायला शिकलेल्या माणसाला एका सकाळीत हे कसं जमावं? शेवटी मिशीवर माशी बसली, तात्यांनी खरीखुरी उघडझाप केली आणि सरकारला ते जिवंत असल्याची खात्री पटली. दाखला मिळाला. तात्यांनी आनंदानं स्वतःचा फोटो आणि त्याखाली दाखल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला.

उदगीरच्या चुलतभावानं फोटो बघितला. तात्या एकटेच, चेहरा गंभीर, खाली काहीतरी सरकारी. त्यानं लगेच लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली.' झालं. निलंग्याहून हात जोडलेले आले, हुमनाबादच्या मावशींनी पणती पाठवली, पुण्याच्या भाच्यानं 'कधी? कसं?' न विचारता नुसतं 'ॐ शांती' लिहिलं. तात्या एकेकाला अंगठा दाखवून आभार मानत होते. चष्मा आत राहिला होता.

हे बघून काकू घाबरल्या. तात्यांचं ठीक, त्यांचा निदान एकट्याचा फोटो तरी आहे. "माझा भिंतीवरचा फोटो आत्ताच निवडा. मला मागून कुणाची बोटं नकोत." आम्ही सगळ्यांनी आपापले फोन उपसले. माझ्या फोनमध्ये कायम 'जागा संपली' अशी बोंब असते. त्यात निघाले काय? वीजबिल, मीटरचं रीडिंग, डॉक्टरांच्या वेळांची पाटी, औषधाची चिठ्ठी, डाळीच्या पोत्यावरचा भाव, चुकून काढलेलं छत. काकू होत्या, पण वाढताना: हात, बांगड्या, भाकरी. एका फोटोत पूर्ण चेहरा होता, पण नातवानं त्याला कुत्र्याचे कान आणि जीभ लावली होती. प्री-वेडिंगमध्ये त्या होत्या खऱ्या, पोर्ट्रेट मोडनं त्यांनाही धूर केलं होतं.

शेवटी बाजारातला तोच स्टुडिओ. तिथं आता झेरॉक्स निघते आणि ऑनलाइन अर्ज भरून मिळतात. पडदा जाऊन पांढरी भिंत आली आहे. स्टुडिओवाल्याच्या मुलानं फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर काकूंना वीस वर्षांनी तरुण केलं.

"कपाळावरचं गोंदण कुठाय?" काकू म्हणाल्या.

"डाग होता, काढला."

"डाग तुझ्या घरचा. माझ्या आईनं बसवून गोंदवून घेतलंय ते. परत आण."

गोंदण परत आणायला बराच वेळ लागला. हसायला मात्र काकूंनी साफ नकार दिला. श्वास धरून, डोळे उघडे ठेवून फोटो निघाला, फ्रेम झाला आणि आजीच्या शेजारी लागला. आता अडचण वेगळीच आहे. बैठकीत आलेला पाहुणा भिंतीकडं बघतो, चेहरा पाडतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "अरे, कळवलं नाही. काकू कधी...?" तेवढ्यात आतून खणखणीत आवाज येतो, "चहात साखर किती?"

तो फोटो ग्रुपवर टाकायचा नाही अशी काकूंची सक्त ताकीद आहे. बघायचाच असेल तर भालकीला या. येताना हार मात्र आणू नका.